सिनॅमन रोल मधोमध कच्चे राहतात? कारण ओळखा, मग उपाय करा

वरून छान लालसर रंग, कडेचे रोल व्यवस्थित, पण टिनच्या मधोमध बसलेला रोल उघडला की आत ओलं आणि चिकट. घरी सिनॅमन रोल करणाऱ्यांची ही सगळ्यात नेहमीची तक्रार आहे. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: पाच-दहा मिनिटं जास्त भाजा. बहुतेक वेळा त्याने एवढंच होतं की कडेचे रोल वाळतात, वरचा रंग काळपटतो आणि मधला रोल होता तसाच राहतो. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या या तक्रारीमागे तीन वेगवेगळे दोष असू शकतात. एक ओव्हनचा, दुसरा सारणाचा आणि तिसरा पीठ फुगवण्याचा. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी दोष कुठला ते ठरवायचं.

पुढचे सगळे आकडे या मापाला धरून आहेत: मैदा ३५० ग्रॅम, दूध १८० ग्रॅम, एक अंडं (कवचाशिवाय साधारण ५० ग्रॅम), बिनमिठाचं बटर ५० ग्रॅम, साखर ४५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम. सारणासाठी मऊ बटर ५० ग्रॅम, ब्राउन शुगर १०० ग्रॅम, दालचिनी पूड १० ग्रॅम, मैदा ८ ग्रॅम. पीठ ३६ बाय ३० सेंटिमीटर लाटायचं, जाडी साधारण ६ मिलिमीटर येते. लांब बाजूने वळकटी करून ४ सेंटिमीटरचे नऊ काप पाडायचे आणि २३ सेंटिमीटरच्या चौकोनी टिनमध्ये तीन-तीनच्या ओळीत लावायचे. १८० अंश सेल्सिअसला २४ ते २८ मिनिटं. अंडं नको असेल तर ६० ग्रॅम घट्ट दही घ्या. फार आंबट नसावं.

कच्चेपणा कुठला, ते आधी बघा

मधला रोल उपसून सुरीने उभा कापा. सुरी दाबून नेऊ नका, करवतीसारखी चालवा. दाबलं की चांगला भाजलेला रोलही लगद्यासारखा दिसतो. शिवाय गरम असताना कापू नका. ओव्हनमधून काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं आतली वाफ बाहेर पडत असते आणि पिठाची जाळी घट्ट होत असते. त्याआधी कापलेला कुठलाही यीस्टचा पाव आतून थोडा ओलाच वाटतो.

सगळ्यात आतल्या वेटोळ्याचं पीठच पांढुरकं, चकचकीत असेल आणि बोटाला पिठूळ लागत असेल, तर तो खरोखर भाजलेला नाही. पीठ मऊ आणि जाळीदार असेल, पण दोन थरांच्या मध्ये तपकिरी, बुळबुळीत रेघ असेल, तर दोष सारणाचा. पीठ शिजलेलं आहे, पण जड, रबरासारखं आहे, जाळी जवळजवळ नाही आणि तळाशी दाट पट्टा बसलाय, तर ते फुगलंच नव्हतं.

स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर असेल तर काम आणखी सोपं. मधल्या रोलच्या पिठात सुई खुपसा, सारणाच्या थरात जाऊ देऊ नका. ८८ ते ९१ अंश आलं की रोल झाला. ८० अंश दिसत असेल तर रंग कितीही सुंदर असला तरी तो कच्चा आहे. आकडा बरोबर आणि तरी ओलं वाटतंय, तर ओव्हनला दोष देऊ नका, पुढच्या दोन कारणांकडे वळा.

खरोखर कच्चा: उष्णता मध्यापर्यंत पोचत नाही

रंगावरून भाजणं ठरवणं हा इथला मुख्य घोटाळा. या पिठात दूध, साखर, अंडं, बटर सगळं असतं, त्यामुळे वरचा रंग फार लवकर येतो. सोळा-वीस लिटरच्या ओटीजीमध्ये (घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) फुगलेल्या रोलचा माथा आणि वरचा रॉड यांत जेमतेम काही सेंटिमीटर उरतात. बाराव्या मिनिटाला रोल तयार दिसतात, आत मात्र पीठ कोमटच असतं.

लहान ओटीजीत टिन मधल्या खाचेपेक्षा एक खाच खाली लावा. पहिली वीस मिनिटं फक्त खालचा रॉड, शेवटची पाच-सात मिनिटं दोन्ही. वरखाली वेगळे रॉड निवडायची सोय नसेल तर रंग हलका सोनेरी झाला की टिनवर फॉईल सैल टाका. घट्ट लपेटलं तर वाफ कोंडून वरचा भाग चिकट होतो. तळ करपत असेल तर टिनखाली एक रिकामा ट्रे सरकवा.

ओटीजीचा दिवा किंवा टिकटिक बंद झाली म्हणजे ओव्हन तापला असं धरू नका. आतली हवा तापते, भिंती आणि ट्रे गार असतात. दरवाजा उघडला की ती हवा निघून जाते. पंधरा ते वीस मिनिटं तापवायलाच हवा. बटणावरचे अंश आणि आतले अंश यांत फरक पडणं घरगुती ओव्हनमध्ये नेहमीचं आहे. जाळीवर उभा राहणारा साधा ओव्हन थर्मामीटर एकदा घेतला की हा संशय कायमचा मिटतो. बेकिंगच्या सामानात पैसे घालायचे असतील तर साच्यांच्या आधी यात घाला.

टिनचाही वाटा असतो. ॲल्युमिनियमच्या टिनमध्ये उष्णता सगळीकडे सारखी पसरते. काचेचं भांडं उशिरा तापतं, त्यात सहा-आठ मिनिटं जास्त धरा. स्टीलच्या डब्यात उष्णता नीट पसरत नाही, त्यामुळे कडा भाजतात आणि मध्य मागे राहतो. आदल्या रात्री रोल फ्रीजमध्ये ठेवून सकाळी तसेच ओव्हनमध्ये सरकवले तरी हेच होतं, कारण मध्याची सुरुवातच चार-पाच अंशांपासून होते. टिन बाहेर काढून ४५ ते ९० मिनिटं थांबा, तळाला हात लावल्यावर गारवा जाणवायला नको.

एवढं करूनही मध्य साधत नसेल, तर रोल एकमेकांना चिकटवून भाजण्याचा हट्ट सोडा. टिनमध्ये खेटून लावलेले मोठे रोल ही अमेरिकन पद्धत. स्वीडनमध्ये कानेलबुल्ले, म्हणजे तिथले सिनॅमन रोल, सुटे, लहान करतात, पिठात वेलची घालतात आणि साधारण २२५ अंशांच्या तडक आचेवर आठ-दहा मिनिटांत काढतात. सुट्या रोलला चारी बाजूंनी उष्णता लागते, मध्य कच्चा राहायला जागाच नसते. छोट्या ओटीजीसाठी ही पद्धत खरंच जास्त सोयीची आहे. काप अडीच-तीन सेंटिमीटरचे पाडून ट्रेवर अंतराने ठेवा किंवा मफिनच्या कागदी वाट्यांत बसवा. ओटीजीत २०० ते २१० अंश पुरतात. वेलचीचं म्हणाल तर तेवढ्या मैद्याला चमचाभर ताजी कुटलेली वेलची घालाच, दालचिनीशी ती फार छान जुळते.

थरांमध्ये चिकट रेघ: दोष सारणाचा

साखर आणि बटर वितळून त्यांचा पाक होतो. तो थोडा पिठात मुरतो, थोडा तळाशी उतरतो आणि उरलेला थरांतच थांबतो. पाक प्रमाणाबाहेर झाला की त्याला लागून असलेलं पीठ जाळी धरत नाही, लगद्यासारखं राहतं.

बटर वितळवून लावणं हे पहिलं कारण. वितळलेलं बटर पिठात शिरत नाही, लाटलेल्या पोळीवर तरंगतं, साखरेला घेऊन कडेने बाहेर येतं आणि थर एकमेकांपासून सुटतात. बटर बोटाने दाबलं की खड्डा पडावा पण चमक दिसू नये, इतकंच मऊ हवं. ते आधी पसरायचं, मग साखर-दालचिनीचं कोरडं मिश्रण भुरभुरवायचं आणि तळहाताने किंवा लाटण्याने हलकं दाबायचं. सारणातला ८ ग्रॅम मैदा पाक धरून ठेवतो. त्याऐवजी तेवढंच कॉर्नफ्लोअरही चालतं.

दुसरं कारण गूळ. ब्राउन शुगरऐवजी किसलेला गूळ घालायचा मोह आपल्याकडे साहजिक आहे आणि चवही उत्तम येते. पण गुळात मुळातच ओलावा असतो आणि तो हवेतलं पाणीही ओढतो. किसलेला गूळ पोळीवर पसरल्यापासून पाझरायला लागतो. गूळच हवा असेल तर कोरडी गूळ पावडर ८० ग्रॅम घ्या, मैदा १२ ग्रॅमपर्यंत वाढवा आणि वळकटी लगेच करा. याहून चांगला मार्ग काकवीचा. १०० ग्रॅम बारीक साखरेत १० ग्रॅम काकवी घालून बोटांनी चोळली की ब्राउन शुगरसारखी ओलसर, खमंग साखर तयार होते आणि पाझरत नाही. कोल्हापूरकडची दाट काकवी असेल तर रंगही छान येतो.

तिसरं कारण दालचिनीच. बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक साल पुष्कळदा कॅसियाची, म्हणजे दालचिनीच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची असते. तिची पूड पाण्याशी आली की बुळबुळीत होते. शिवाय दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड यीस्टचं काम मंद करतं, म्हणून पूड पिठात मिसळायची नसते, सारणातच ठेवायची. १० ग्रॅमची १८ ग्रॅम केली तर सुगंध दुप्पट होत नाही, रेघ मात्र नक्की चिकट होते. सुगंध कमी वाटत असेल तर पूड जुनी आहे. साल घरी ताजी दळून चाळून घ्या.

जड, रबरी, दाट: पीठ फुगलंच नव्हतं

तिन्हींतलं हे सगळ्यात जास्त वेळा घडतं आणि सगळ्यात उशिरा लक्षात येतं, कारण दोष ओव्हनमध्ये दिसतो पण झालेला असतो दोन तास आधी. न फुगलेल्या पिठात हवेच्या पोकळ्या नसतात, त्यामुळे त्यात उष्णताही हळू शिरते. म्हणजे असा रोल जडही होतो आणि कच्चाही राहू शकतो.

मोजण्यापासून सुरुवात करा. कप पिठात बुडवून भरला तर मैदा १४० ते १५० ग्रॅम बसतो, चमच्याने सैल भरला तर १२० ते १२५. तीन कपांत ६०-७० ग्रॅमचा फरक पडला की मऊ पिठाचं घट्ट पीठ होतं, आणि घट्ट पीठ फुगायला जड जातं. वजनकाटा वापरा. मळायला सुरुवात केल्यावर हे पीठ हाताला चिकटतं, चिकटायलाच हवं. पोळीच्या कणकेची सवय असलेला हात लगेच आणखी मैदा घ्यायला जातो, तिथेच थांबा. झाकून पंधरा मिनिटं ठेवा, मैदा दूध शोषून घेतो आणि चिकटपणा आपोआप निम्मा होतो. मग हाताने बारा-पंधरा मिनिटं मळा, बटर शेवटी थोडं थोडं करून घाला. छोटा गोळा दोन्ही हातांनी ताणला की फाटण्याआधी पडद्यासारखा पातळ व्हायला हवा.

मैद्याच्या पाकिटामागे प्रथिनं बघा. १०० ग्रॅममागे साडेदहा-अकरा ग्रॅम असतील तर ठीक. नऊच्या आसपास असतील तर मैद्यात ७-८ ग्रॅम ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) पावडर मिसळा. दुधाच्या बाबतीत आपण आधीच एक पाऊल पुढे आहोत. बऱ्याच जुन्या पाककृतींत दूध उकळीजवळ नेऊन थंड करायला सांगितलेलं असतं, कारण कच्च्या दुधातली काही प्रथिनं पीठ सैल पाडतात. आपलं दूध रोज तापतंच. फक्त ते कोमटच्या पुढे असू नये. मनगटावर थेंब टाकला तर चटका बसायला नको, ३५ ते ३८ अंश पुरेत. पंचावन्न-साठ अंशांना यीस्ट मरतं.

यीस्ट जिवंत आहे का, हे दहा मिनिटांत कळतं: कोमट दुधात अर्धा चमचा साखर आणि यीस्ट घाला, वर दाट फेस आला पाहिजे. तुरळक बुडबुडे आले तर ते यीस्ट टाकून द्या, दुप्पट घालून वेळ मारून नेऊ नका. फोडलेलं पाकीट हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवायचं, विशेषतः कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात. इन्स्टंटऐवजी ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर ६ ग्रॅमच्या जागी ८ ग्रॅम घ्या. साखर वाढवली की यीस्ट मंदावतं, कारण साखर पिठातलं पाणी स्वतःकडे ओढते. ४५ ग्रॅमचे ७० ग्रॅम केलेत तर फुगायला बराच जास्त वेळ लागेल. गोडी वाढवायची ती सारणात किंवा आयसिंगमध्ये. बटर मिठाचं असेल तर पिठातलं मीठ ५ वरून ४ ग्रॅम करा.

आता वेळ. पाककृतीत लिहिलेला ‘एक तास’ कुणाच्या तरी दुसऱ्याच स्वयंपाकघराचा असतो. २८-३० अंशांच्या ओट्यावर हे पीठ तासाभरात दुप्पट होतं. पुण्या-नाशकात डिसेंबरमध्ये ओट्याशी २० अंश असतील तर दोन तासही लागतात. तेव्हा बंद ओटीजीत गरम पाण्याची वाटी ठेवून त्यात पीठ ठेवा. विदर्भातल्या मे महिन्यात अडचण उलटी: दूध फ्रीजमधलं गारच घ्या, नाहीतर पीठ चाळीस मिनिटांत उतू जाईल आणि आंबूस वास येईल. घड्याळाऐवजी पीठ सरळ कडांच्या भांड्यात ठेवून बाहेरून रबरबँडची खूण करा, दुप्पट झालं की झालं.

दुसऱ्यांदा फुगवणं ही बहुतेकांची घाईची जागा. काप टिनमध्ये लावताना त्यांच्यात दीड-दोन सेंटिमीटर अंतर असतं. रोल फुगून एकमेकांना टेकले पाहिजेत. बोटाने हलकं दाबा. खड्डा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश निम्मा भरला तर ओव्हन तयार ठेवा, भरलाच नाही तर उशीर झालाय आणि रोल भाजताना बसतील. इथे उबेचा अतिरेक करू नका. बटर बत्तीस अंशांच्या पुढे वितळायला लागतं. गरम ओव्हनमध्ये फुगायला ठेवलेल्या रोलांच्या तळाशी भाजण्याआधीच पाकाचं तळं दिसतं ते यामुळेच.

मधला भाग शंकूसारखा वर येतो, थर सुटतात

अळूवडीचा उंडा जितका घट्ट तितका चांगला. इथे तसं नाही. पीठ आणखी फुगणार असतं आणि त्याला बाजूला जागा मिळाली नाही की मध्य वर ढकलला जातो. पोकळी राहू नये इतपतच घट्ट वळा, लाटताना पीठ परत आकसत असेल तर झाकून दहा मिनिटं विश्रांती द्या, आणि कापाचं शेवटचं टोक रोलच्या बुडाखाली खोचा. शेवटच्या दोन सेंटिमीटर पट्टीला सारण लावू नका, तिथे पाण्याचं बोट फिरवा म्हणजे कड चिकटते. काप सुरीने पाडले की चेपतात. वळकटीखालून जाड शिवणाचा दोरा घालून वर आडवा ओढला की गोल काप सुटतो. वळकटी फारच मऊ पडली असेल तर आधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये.

दुसऱ्या दिवशी कडक होतात

मधला रोल शिजावा म्हणून जास्त भाजलेले रोल संध्याकाळपर्यंतच कोरडे पडतात, तेव्हा वरचं सगळं जमलं की निम्मी तक्रार तिथेच संपते. उरलेली निम्मी फ्रीजमुळे. पिठातला स्टार्च फ्रीजच्या तापमानाला सर्वात लवकर ताठर होतो, म्हणून आयसिंगविना रोल हवाबंद डब्यात बाहेरच ठेवा, दीड-दोन दिवस चांगले राहतात. मुंबईच्या दमट हवेत एकच दिवस धरा.

मुळातूनच जास्त मऊ हवे असतील तर तांगझोंग करा. मापातलाच २० ग्रॅम मैदा आणि १०० ग्रॅम दूध मंद आचेवर ढवळत ६५ अंशांपर्यंत न्या. चमच्याची रेघ भांड्याच्या तळाशी क्षणभर टिकली की उतरवा. पूर्ण गार करून उरलेल्या साहित्यात मिसळा आणि दूध एकूण २०-२५ ग्रॅम वाढवा. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही रोल दाबला तर परत वर येतो. पीठ मळताना नेहमीपेक्षा जास्त चिकट वाटेल, तेव्हाही मैदा वाढवू नका.

क्रीम चीज मिळत नसेल किंवा महाग वाटत असेल तर आयसिंगला चक्का घ्या. ३० ग्रॅम मऊ बटर आणि ५० ग्रॅम आयसिंग शुगर आधी फेटा, मग १०० ग्रॅम घट्ट, ताजा चक्का हाताने हलकेच मिसळा. साखर घातल्यावर चक्का सैल पडतो, म्हणून तो शेवटी आणि फेटणं कमीत कमी. रोल कोमट झाल्यावरच लावा. गरम रोलवर पाणी सुटून सगळं आयसिंग टिनमध्ये उतरतं.

लावलेलं आयसिंग त्याच दिवशी संपवा. उरलेले रोल बिनआयसिंगचे, एकेक वेगळा गुंडाळून, गार झाल्याबरोबर फ्रीजरमध्ये टाका, महिनाभर चांगले राहतात. खायच्या वेळी बाहेर काढून नेहमीच्या तापमानाला येऊ द्या, मग फॉईलमध्ये १५० अंशांना आठ-दहा मिनिटं, किंवा मायक्रोवेव्हमध्ये ओलसर कागदी रुमाल घालून पंधरा-वीस सेकंद. तीस सेकंदांच्या पुढे गेलात तर तो दोन मिनिटांत चिवट होईल.